गुडघ्यावर बर्फ : कधी ठेवावा, किती वेळ ठेवावा आणि कोणी ठेवू नये?

भीमजयंतीची मिरवणूक असो, बुद्धपौर्णिमेची रॅली असो किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरची सेवा असो, ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातले आपले कार्यकर्ते आठ-आठ, दहा-दहा तास पायांवर उभे असतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी नसते. सकाळी पुन्हा स्टेशनचा पूल चढायचा, पुन्हा लोकलमध्ये उभे राहायचे. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजतो, वाकवताना ठणकतो. मग घरात प्रत्येकाचा सल्ला वेगळा. आजी म्हणते गरम पाण्याने शेक, मित्र म्हणतो बर्फ लाव, शेजारचे काका म्हणतात तेल लावून जोरात चोळ, आणि मेडिकलवाला न विचारताच गोळी काढून देतो.

यातला बर्फाचा सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. बर्फ स्वस्त आहे, घरात मिळतो आणि योग्य वापरला तर वेदना खरोखर कमी करतो. पण त्याबद्दल आपल्याकडे तीन गैरसमज आहेत. पहिला, बर्फाने दुखापत बरी होते. दुसरा, जितका जास्त वेळ ठेवू तितका फायदा जास्त. आणि तिसरा, बर्फ कोणालाही चालतो. तिसरा गैरसमज सर्वांत धोकादायक आहे आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे. कारण सिकलसेल असलेल्या व्यक्तीच्या गुडघ्यावर बर्फ ठेवणे म्हणजे उपचाराच्या नावाखाली त्रास वाढवणे होऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

बर्फ नेमके काय करतो?

गुडघा मुरगळला किंवा त्याला मुकामार लागला की आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. त्यातून रक्त आणि पाणी आजूबाजूला झिरपते, भाग गरम होतो आणि सुजतो. सूज म्हणजे शरीराने सुरू केलेली दुरुस्तीच असते. पण ती फार वाढली की सांध्यात ताण येतो आणि ठणका असह्य होतो.

थंडीचे परिणाम मुख्यतः तीन. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे त्या भागात झिरपणे काहीसे कमी होते. पेशींची कामाची गती मंदावते, त्यामुळे त्यांना लागणारा प्राणवायू कमी लागतो. आणि वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसांचा वेग कमी होतो. त्वचेचे तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की दुखणे बोथट होते. बर्फ लावल्यावर बरे वाटते ते प्रामुख्याने या तिसऱ्या कारणाने.

चौथा एक फायदा फारसा कोणाला माहीत नसतो. गुडघ्यात पाणी भरले की मांडीचा पुढचा मोठा स्नायू आपोआप ढिला पडतो. आपण जोर लावू पाहतो, पण स्नायू पूर्ण ताकदीने आवळत नाही. शरीर सुजलेल्या सांध्याला जपण्यासाठी तसे करते. अशा वेळी वीसेक मिनिटे गुडघा थंड केला तर काही काळ तो स्नायू पुन्हा चांगला काम करू लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच अनेक फिजिओथेरपिस्ट आधी बर्फ देतात आणि मग मांडीचा व्यायाम करून घेतात.

बर्फाबद्दलचे मत कसे बदलले?

१९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी खेळातील दुखापतींवरच्या आपल्या पुस्तकात 'राइस' हे सूत्र मांडले. रेस्ट म्हणजे विश्रांती, आइस म्हणजे बर्फ, कॉम्प्रेशन म्हणजे पट्टी बांधून दाब देणे आणि एलिव्हेशन म्हणजे पाय उंच ठेवणे. पुढची अनेक वर्षे जगभरच्या मैदानांवर आणि शाळांच्या प्रथमोपचार वर्गांत हेच शिकवले गेले. आपल्याकडेही तेच आले.

पुढे खुद्द मर्किन यांनीच २०१४ च्या सुमारास आपले मत बदलले. सूज आणणाऱ्या पेशीच दुरुस्तीही करतात, त्यामुळे सतत बर्फ लावून आणि पूर्ण विश्रांती घेऊन बरे होणे लांबू शकते, असे त्यांनी लिहिले. २०१९ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ड्युबोआ आणि एस्कुलिए यांनी 'पीस अँड लव्ह' नावाचे नवे सूत्र मांडले. त्यात बर्फाला स्थान नाही. सुरुवातीचे काही दिवस जपणे, पाय उंच ठेवणे, पट्टी बांधणे आणि नंतर हळूहळू भार देत हालचाल सुरू करणे यावर त्यात भर आहे.

याचा अर्थ बर्फ फेकून द्यावा असा नाही. ज्यांनी सूत्र मांडले त्यांनीच नवा पुरावा पाहून ते तपासले, यातून आपण एवढेच घ्यायचे की बर्फ हा वेदना कमी करण्याचा उपाय आहे, दुखापत बरी करण्याचा नाही. बर्फाने फाटलेले लिगामेंट जुळत नाही, झिजलेली कूर्चा भरून येत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत ठणका सहन होत नसेल, झोप लागत नसेल, तर थोडा थोडा वेळ बर्फ लावावा. आठवडेच्या आठवडे दिवसातून दहा वेळा लावू नये.

थंड की गरम?

आपल्या घरांत कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे शेक. गरम वाळूची पुरचुंडी, तव्यावर गरम केलेले फडके, रबरी पिशवी. जुनाट आखडलेल्या गुडघ्याला याने आराम पडतो हे खरेच आहे. पण ताज्या दुखापतीवर गरम शेक दिला तर रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढते. ताजी दुखापत चोळण्यानेही तेच होते.

ओळखण्याची सोपी रीत अशी. दोन्ही गुडघ्यांवर हाताची मागची बाजू ठेवून पाहा. दुखरा गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, सुजलेला आहे, दुखापत दोन-तीन दिवसांतली आहे, तर थंड. गुडघा गरम नाही, सूज नाही, पण सकाळी उठल्यावर किंवा बराच वेळ बसून उठताना आखडतो, तर गरम. झिजेच्या संधिवातात, म्हणजे ज्याला आपण 'गुडघ्यातले वंगण संपले' म्हणतो त्यात, दोन्हींचा उपयोग होऊ शकतो. एरवी गरम शेक आणि जास्त चालल्यामुळे गुडघा फुगला त्या दिवशी थंड. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी थंड आणि गरम दोन्ही उपाय सुचवले आहेत, पण 'रुग्णाला बरे वाटत असेल तर' अशा बेताने. मुख्य उपचार म्हणून त्यांनी व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे हेच सांगितले आहे.

धुणीभांडी करणाऱ्या, उकिडवे बसून लादी पुसणाऱ्या आपल्या आया-बहिणींच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांचा गुडघा संध्याकाळी सुजलेला असेल तर बर्फाने त्या रात्री झोप लागेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चार घरी उकिडवे बसायचे असेल तर बर्फ काय करणार? त्यांच्यासाठी लांब दांड्याचा मॉप, बसायला छोटे स्टूल आणि मांडीचे व्यायाम हे जास्त कामाचे उपाय आहेत.

बर्फ लावण्याची योग्य पद्धत

फ्रीजमधल्या ट्रेचे दहा-पंधरा खडे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. त्यात अर्धी वाटी पाणी टाका. पिशवीतली हवा काढून तोंड घट्ट बांधा. पाण्यामुळे पिशवी गुडघ्याच्या आकाराला बसते आणि तिचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वितळणारा बर्फ खूप उष्णता शोषतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढ्यात एक लिटर पाणी शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणून साधा वितळता बर्फ हा महागड्या पॅकपेक्षा कमी नाही.

मेडिकलमध्ये मिळणारा जेलचा पॅक चालतो, पण एक काळजी घ्या. घरच्या फ्रीजरचे तापमान उणे १८ अंशांच्या जवळपास असते. तिथून काढलेला जेल पॅक बर्फ-पाण्यापेक्षा कितीतरी जास्त थंड असतो आणि त्वचा लवकर जाळतो. तो पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवून मगच वापरावा. बर्फात मीठ कधीही टाकू नये. मिठाने बर्फाचे तापमान शून्याच्या खाली जाते. कुल्फीसाठी ते ठीक आहे, त्वचेसाठी नाही.

आता क्रम असा ठेवा :

१. पाय लांब करून झोपा किंवा टेकून बसा. टाचेखाली आणि पोटरीखाली उशा ठेवून पाय उंच घ्या.

२. गुडघ्यावर ओला करून पिळलेला नॅपकिन किंवा पंचाचा एक पदर ठेवा. त्वचेवर थेट बर्फ ठेवू नका.

३. पिशवी वाटीच्या वर आणि पुढच्या बाजूला ठेवा. हलकेच बांधली तरी चालेल, आवळू नका.

४. घड्याळ लावा. १० ते १५ मिनिटे पुरतात. जाड शरीराच्या व्यक्तीला जास्तीत जास्त २० मिनिटे. बारीक अंगाच्या मुलामुलींना १० मिनिटेच.

५. दर पाच मिनिटांनी कापड उचलून त्वचा पाहा. लालसर होणे ठीक. पांढरी, निळसर, मेणासारखी कडक किंवा फोड आलेली दिसली तर लगेच काढा.

६. पुन्हा लावायचा असेल तर किमान दोन तासांनी. दिवसातून तीन-चार वेळा पुरे.

बर्फ लावल्यावर आधी थंड वाटते, मग जळजळ होते, मग ठणकल्यासारखे होते आणि शेवटी तो भाग बधिर होतो. बधिर झाला की काम झाले, बर्फ काढायचा. बर्फ ठेवून झोपी जाऊ नका. रात्रपाळीहून आलेला माणूस असा झोपतो आणि सकाळी त्वचेवर फोड घेऊन उठतो.

घरात फ्रीज नसेल तरी अडत नाही. मासळीवाल्याकडे किंवा सरबताच्या गाडीवर लादीचा बर्फ मिळतो. तो पिण्यायोग्य असेलच असे नाही, पण बंद पिशवीतून बाहेरून लावायला चालतो. तोही नसेल तर माठाच्या पाण्यात पंचा भिजवून, पिळून गुडघ्याला गुंडाळा आणि पाच-पाच मिनिटांनी बदला. परिणाम कमी, पण आराम नक्की.

बर्फासोबत बाम लावू नये. बामातल्या मेंथॉलने थंड वाटते, पण आतले तापमान उतरत नाही. उलट त्याच्या जळजळीत बर्फ कधी बाधतो आहे ते कळत नाही.

बाहेरच्या बाजूची नस सांभाळा

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या थोडे खाली, बोटाने चाचपल्यावर एक हाडाचा टेंगूळ लागतो. त्याला वळसा घालून एक महत्त्वाची नस पायाकडे जाते. तिच्यावर ना स्नायूचे आवरण, ना चरबीचे. ही नस पाऊल वर उचलण्याचे काम करते. त्या जागेवर बराच वेळ बर्फ बांधून ठेवल्याने नस दबून आणि गारठून पाऊल लुळे पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. माणूस चालताना पाऊल घासटू लागतो. बहुतेकदा ते पुढे बरे होते, पण त्याला आठवडे किंवा महिनेही लागू शकतात.

म्हणून बर्फाची पिशवी पुढच्या बाजूलाच ठेवा. पायाच्या वरच्या भागात मुंग्या येऊ लागल्या किंवा बोटे वर उचलताना जड वाटले तर पट्टी सोडून बर्फ ताबडतोब काढा.

बर्फ कोणी लावू नये?

सिकलसेल : विदर्भातल्या नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती अशा जिल्ह्यांतील बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. नोकरीधंद्यासाठी तिथून कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर, ठाणे या भागांत आलेली कुटुंबे आपल्या प्रत्येक विहाराच्या परिसरात आहेत. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांतही हा आजार आहे.

सिकलसेलमध्ये लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या, रक्ताचा वेग मंदावला की पेशी अडकण्याची शक्यता वाढते आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने गुडघा दुखला तर बर्फ लावू नये. भरपूर पाणी प्यावे, ऊब घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. या रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते. गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो आणि खरा बिघाड खुब्यात असतो. तरुण मुलगा लंगडत असेल आणि घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा आणि खुबा तपासायला लावा.

केवळ वाहक असलेल्यांना, म्हणजे ज्यांना आईकडून किंवा वडिलांकडून एकच सदोष जनुक मिळाले आहे त्यांना, साध्या बर्फाच्या पिशवीने सहसा त्रास होत नाही. पण आपण वाहक आहोत की रुग्ण, हे तपासल्याशिवाय कळणार कसे? राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. एक साधी रक्ततपासणी आहे, ती करून घ्या. यात लपवण्यासारखे, लाजण्यासारखे काही नाही. हा आजार कोणाच्या जातीमुळे होत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिले, कारण एकच जनुक असलेल्याला ते मलेरियापासून काही प्रमाणात वाचवते. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठावरही हा आजार आहे.

मधुमेह आणि बधिर पाय : मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बिघडतात. कधी पाय जळतात, कधी बधिर होतात. बधिर त्वचेला बर्फाची बाधा कळत नाही आणि जखम झाली तर ती लवकर भरत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या नसांच्या दुखण्याने ते वर्षानुवर्षे हैराण होते. अखेरच्या काळात त्यांना चालताना काठीचा आणि माणसांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे. त्यांच्या या आजाराचे स्मरण आपण भाषणांत करतो. पण आपल्याच घरातल्या मधुमेही वडिलांच्या पायांना स्पर्श कळतो का, हे आपण कधी तपासतो का? डोळे मिटायला सांगून कापसाने पायाला हलकेच स्पर्श करा. कळत नसेल तर बर्फही नको, गरम पिशवीही नको. आधी डॉक्टर.

इतर : थंडीने बोटे पांढरी-निळी पडतात असे लोक, थंड पाण्याने अंगावर पित्त उठणारे, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले, कुष्ठरोगामुळे किंवा अर्धांगवायूमुळे त्या भागाला संवेदना नसलेले, तसेच गुडघ्यावर उघडी जखम असलेले यांनीही बर्फ टाळावा. लहान मुलांना आणि अतिवृद्धांना लावायचा असेल तर कोणीतरी शेजारी बसून राहावे.

मैदानावरचा स्प्रे आणि भरतीची धाव

आपल्या वस्त्यांतली अनेक मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर. सकाळी काँक्रीटच्या रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी धावायचे आणि संध्याकाळी कबड्डी खेळायची. काही आठवड्यांत वाटीच्या मागे दुखू लागते, विशेषतः जिना उतरताना. धावून आल्यावर १० मिनिटे बर्फ लावायला हरकत नाही. पण धावण्याआधी लावू नका. थंड स्नायूंची ताकद आणि चपळाई थोडा वेळ कमी होते आणि बधिर गुडघ्याला चुकीचे पाऊल कळत नाही.

कबड्डीच्या सामन्यात खेळाडू पडला की कोणीतरी धावत जाऊन गार स्प्रे मारतो आणि दोन मिनिटांत त्याला पुन्हा उभे करतो. टाळ्या पडतात. पण स्प्रेने फक्त वरची त्वचा बधिर झालेली असते. आत लिगामेंट फाटलेले असेल तर पुढच्या चढाईत गुडघा सटकतो आणि त्याबरोबर गादीही फाटते. गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला असेल किंवा गुडघा सटकल्यासारखा वाटला असेल तर तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात जाणार नाही, हा नियम प्रशिक्षकांनी आणि मंडळांनी कडक पाळावा. भरती पुढच्या वर्षी पुन्हा येते, गुडघा नवा येत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचे?

बर्फाचा सर्वांत मोठा तोटा हा की बरे वाटते आणि माणूस तपासणी पुढे ढकलतो. गुडघ्याच्या दुखापतीनंतर एक्स-रे कोणाचा काढावा यासाठी कॅनडातील डॉक्टरांनी काही साधे नियम तयार केले आहेत. त्यांना 'ओटावा नियम' म्हणतात. दुखापतीनंतर पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर एक्स-रे काढावा : वय ५५ किंवा त्याहून जास्त, फक्त वाटीला दाबल्यावर दुखणे, वर सांगितलेल्या बाहेरच्या टेंगळाला दाबल्यावर दुखणे, गुडघा काटकोनात न वाकणे, आणि दुखापत झाल्या झाल्या तसेच तपासणीच्या वेळीही चार पावले न टाकता येणे.

याशिवाय :

– दुखापतीनंतर दोन तासांच्या आत गुडघा फुगला तर आत रक्त साठल्याची शक्यता असते.

– गुडघा एका जागी अडकला, सरळ होत नाही.

– गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. सांध्यात जंतू शिरले असतील तर काही दिवसांत कूर्चा नष्ट होते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

– पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते.

– पावसाळ्यात ताप आणि सगळेच सांधे दुखणे. ते चिकुनगुनिया किंवा डेंग्यू असू शकते. रक्त तपासल्याशिवाय मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. डेंग्यूत त्यातल्या काहींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी हाडवैद्याकडे जाऊन गुडघा ओढून घेऊ नये. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही आपल्या भागातली सार्वजनिक रुग्णालये आहेत. केसपेपर काढायला रांग लागते, वेळ जातो, हे खरे. म्हणूनच कार्यकर्त्यांनी सोबत जावे. एकट्या आजीला रांगेत उभे राहणे जमत नाही आणि ती परत घरी येते. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

बर्फानंतर काय?

ठणका उतरला की गुडघ्याला काम द्यायचे असते. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि मांडी आवळून टॉवेल खाली दाबा. पाच मोजा, सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे. दुखणे वाढत असेल तर एक पायरी मागे या. मजबूत मांडी हाच गुडघ्याचा खरा पट्टा आहे.

विहारात वंदनेला आणि ध्यानाला मांडी घालून बसणे गुडघा दुखणाऱ्याला अवघड जाते. ज्येष्ठ उपासक-उपासिकांसाठी भिंतीकडेला खुर्च्या मांडाव्यात आणि 'खाली बसा' असा आग्रह कोणी धरू नये. खुर्चीवर बसून वंदना होते, ध्यानही होते.

कार्यकर्त्यांची पेटी

पुढच्या मिरवणुकीला किंवा शिबिराला प्रत्येक मंडळाने एक पेटी तयार ठेवावी. त्यात काय हवे? थर्माकोलच्या डब्यात बर्फ, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, चार नॅपकिन, दोन क्रेप बँडेज, एक घड्याळ आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता लिहिलेला कागद. त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत तीन प्रश्न लिहा : 'सिकलसेल आहे का? मधुमेह आहे का? पायाला स्पर्श कळतो का?' बर्फ ठेवण्याआधी ते विचारायचेच. सगळा खर्च काहीशे रुपयांचा आहे. ध्वनिक्षेपकाच्या भाड्यापुढे तो काहीच नाही.

आणि शेवटी एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. आपल्यातले पुष्कळजण दुखणे लपवतात. गुडघा सुजलेला असताना बर्फ लावून, गोळी घेऊन पुन्हा बंदोबस्ताला उभे राहतात, कारण 'मी थांबलो तर काम कोण करणार?' दीघनिकायातील संगीतिसुत्तात एक प्रसंग आहे. पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर भगवान बुद्धांची पाठ दुखू लागली. त्यांनी ते लपवले नाही. भिक्खूंना पुढची देसना देण्यास सारिपुत्तांना सांगितले आणि स्वतः विश्रांतीसाठी आडवे झाले. काम थांबले नाही, ते दुसऱ्याने पुढे नेले.

आपल्या मंडळांतही तसेच व्हायला हवे. ज्याचा गुडघा दुखतो त्याला खुर्ची द्या, नोंदवहीचे काम द्या, माईक द्या, आणि उभे राहण्याची पाळी दुसऱ्याने घ्या. त्याच्या गुडघ्यावर १५ मिनिटे बर्फ ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत रुग्णालयाच्या रांगेतही उभे राहा.

जयभीम, नमो बुद्धाय.